शाळेंतील मुलें आणि प्रसिद्धिपत्रक

(आकाशवाणीवरील भाषण)

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं सहावी, सातवी किंवा आठवी इयत्तेंत शिकणारें एखादें मूल असेल. त्याला ‘माझा आवडता ऋतु’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें, तर तें दीड पान सहज भरून काढतें. पण ‘पुढच्या शनिवारीं तुमच्या शाळेंत चित्रांचें प्रदर्शन आहे; त्याची माहिती वर्तमानपत्राकडे पाठवावयाची आहे, तेवढी आठ ओळींत लिहून दे,’ असें त्याला सांगून पाहावें. तें पेन्सिल चावीत बसेल. आणि बऱ्याच वेळानें जें लिहून आणील, त्यावरून प्रदर्शन फार ‘भव्य’ आहे एवढें कळेल. तें किती वाजतां उघडणार आणि बाहेरच्या माणसानें आलेलें चालेल कीं नाहीं, हें मात्र राहून गेलेलें असेल. मराठीचा शिक्षक या नात्यानें हा अनुभव मला वर्षानुवर्षें आला, आणि त्यांतूनच या वयाच्या मुलांना प्रसिद्धिपत्रक लिहावयास शिकविण्याचा नाद मला लागला. त्या शिकवणीची हकीकत आज आपणांस सांगावी असें योजिलें आहे.

प्रसिद्धिपत्रक म्हणजे काय, हें प्रथम स्पष्ट करून घेऊं. एखाद्या संस्थेनें, मंडळानें किंवा कचेरीनें आपल्याकडील माहिती वर्तमानपत्रांत छापून यावी म्हणून स्वतः लिहून दिलेला मजकूर, तें प्रसिद्धिपत्रक. बातमी बातमीदार लिहितो. तो बाहेरचा मनुष्य असतो. प्रसिद्धिपत्रक मात्र ज्याचें काम तोच लिहितो. म्हणून कोणी त्याला जाहिरातीचें भावंड समजतात. पण दोहोंत मोठा भेद आहे. जाहिरातीची जागा पैसे मोजून विकत घेतां येते. प्रसिद्धिपत्रकाला पैसे पडत नाहींत, आणि म्हणूनच तें छापावें कीं न छापावें, त्यांतील कोणती ओळ ठेवावी आणि कोणती गाळावी, हा सर्वस्वीं संपादकाचा अधिकार असतो. निबंधाशीं तर त्याचें नातें याहूनहि दूरचें. निबंध शिक्षकांना वाचावाच लागतो. प्रसिद्धिपत्रक वाचण्यास कोणीहि बांधलेला नाहीं. आपलें लिहिणें न वाचण्याची पूर्ण मुभा असलेल्या माणसासाठीं लिहावयाचें, ही गोष्ट शाळेंतील मुलाला अगदीं नवी असते, आणि या धड्याचें पहिलें महत्त्व तेथेंच आहे.

या लेखनप्रकाराचा उगम कसा झाला हें मुलांना सांगितलें, तर धडा निम्मा शिकवून होतो. १९०६ सालच्या ऑक्टोबरची २८ तारीख. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी एक आगगाडी पुलावरून घसरून पाण्यांत पडली आणि पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. हा मार्ग पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अंमलाखालचा होता. अशा प्रसंगीं रेल्वे कंपन्यांची रीत ठरलेली असे: तोंड बंद ठेवावयाचें आणि बातमीदाराला अपघाताच्या जागीं फिरकूं द्यावयाचें नाहीं. पण या कंपनीनें आयव्ही ली नांवाचा एक सल्लागार त्याच वर्षीं नेमला होता. तो पूर्वाश्रमींचा बातमीदार. त्यानें नेमका उलट सल्ला दिला. काय घडलें तें कंपनीनेंच लिहून वर्तमानपत्रांना द्यावें आणि बातमीदारांना अपघाताच्या जागीं नेऊन सर्व कांहीं दाखवावें, असें त्याचें म्हणणें पडलें. कंपनीनें तें मानलें. ३० ऑक्टोबरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तें निवेदन जसेंच्या तसें छापलें. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा प्रारंभ म्हणून सामान्यतः त्याचाच दाखला देतात.

पण याच गृहस्थाची दुसरी गोष्टहि मुलांना सांगावी. पहिलीइतकीच ती बोधप्रद आहे. १९१४ सालीं कोलोरॅडो राज्यांतील कोळशाच्या खाणींत मोठा संप चालू होता. २० एप्रिल रोजीं लडलो येथें संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला, तंबूंना आग लागली आणि एका तंबूखालच्या खड्ड्यांत आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुलें गुदमरून मेलीं. खाण कंपनी रॉकफेलर घराण्याच्या वर्चस्वाखालीं होती. देशभर ओरड झाली, आणि खाणमालकांची बाजू मांडणारीं पत्रकें काढण्याचें काम ली याच्याकडे आलें. त्यांपैकीं एका पत्रकांत कामगार पुढाऱ्यांना मिळालेल्या पैशांचे आंकडे साफ चुकले होते. वर्षभराची रक्कम अवघ्या नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली होती. १९१५ सालीं चौकशी मंडळापुढें त्याला याविषयीं विचारण्यांत आलें, तेव्हां खाणमालकांकडून आलेली माहिती आपण स्वतः पडताळून पाहिली नव्हती, हें त्याला कबूल करावें लागलें.

माणूस एकच, लेखणी एकच, पत्रकाचा साचाहि तोच. पहिल्या वेळीं त्यानें माहिती उघडी केली. दुसऱ्या वेळीं ती पडताळल्यावांचून पुढें ढकलली. साचा शिकविणें सोपें आहे, तें दोन तासिकांत होतें. हा फरक शिकविणें हें शिक्षकाचें खरें काम.

आतां प्रत्यक्ष शिकवणीकडे वळूं. पहिल्या दिवशीं मी मुलांना वाक्य लिहिण्यास बंदी करीत असें. फळ्यावर फक्त सहा प्रश्न लिहावयाचे: काय, कोण, कोठें, केव्हां, कां आणि कसें. लहान मुलांना हे सहा प्रश्न हातावर मोजून दाखवावे. पांच बोटांचे पांच प्रश्न आणि तळहाताचा सहावा. तळहातावर मी ‘कां’ हा प्रश्न ठेवीत असें, कारण बाकीचीं बोटें त्यालाच जोडलेलीं असतात. प्रत्येक प्रश्नाचें उत्तर दोन-तीन शब्दांत टिपावयाचें, त्याहून अधिक नाहीं. पुष्कळ मुलांना त्याच वेळीं कळून येतें कीं, आपणांस वाटत होतें तेवढें आपणांस ठाऊक नाहीं. प्रदर्शन ‘शाळेंत’ आहे, पण कोणत्या दालनांत? ‘सकाळीं’ आहे, पण किती वाजल्यापासून? मग तीं मुलें उठून विचारावयास जातात. मूल बाकावरून उठून माहितीच्या शोधांत बाहेर पडलें, कीं पहिला दिवस सत्कारणीं लागला असें समजावें.

दुसरा धडा क्रमाचा. आजीनें सांगितलेल्या गोष्टींत शेवट शेवटीं येतो, आणि तसाच तो यावयास हवा. राक्षस मेला हें पहिल्याच वाक्यांत सांगितलें तर गोष्ट कोण ऐकेल? बातमीचें याच्या उलट आहे. तींत शेवट प्रथम येतो. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यांत, तिच्या खालोखाल महत्त्वाची दुसऱ्यांत, आणि सर्वांत कमी महत्त्वाची तळाशीं. या रचनेला उलटा मनोरा म्हणतात. वर्तमानपत्रांत जागा अपुरी पडली, कीं कात्री खालून चालते. म्हणून खालचा भाग गेला तरी वरचा भाग स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे. मुलांना हें पटविण्यासाठीं मी एक खेळ घेत असें. प्रत्येकानें आपला कागद शेजाऱ्याला द्यावयाचा. शेजाऱ्यानें शेवटची ओळ दुमडून झांकावयाची, मग तिच्या वरची, मग आणखी वरची. ज्या ओळीशीं येऊन अर्थ तुटला, तेथें खूण करावयाची. दोन ओळी दुमडतांच ज्याचें पत्रक लंगडें पडलें, त्याला क्रम पुन्हां लावावा लागे. व्याकरणाच्या कोणत्याहि तासिकेंत मुलें इतक्या मन लावून एकमेकांचें लेखन वाचीत नाहींत.

तिसरा धडा भाषेचा, आणि तो आपल्या मराठींत विशेष अवघड आहे. एका मुलानें लिहून आणलेलें पत्रक आठवतें तसें सांगतों: ‘आमच्या शाळेंत प्रतिवर्षाप्रमाणें यंदाहि वृक्षारोपणाचा भव्य कार्यक्रम मान्यवरांच्या शुभहस्तें अत्यंत उत्साहाच्या वातावरणांत संपन्न झाला. प्रारंभीं दीपप्रज्वलन करण्यांत आलें. त्यानंतर पाहुण्यांचा परिचय करून देण्यांत आला. मान्यवरांनीं आपल्या मनोगतांतून वृक्षांचें महत्त्व विशद केलें. शेवटीं आभारप्रदर्शनानें कार्यक्रमाची सांगता करण्यांत आली.’

व्याकरणाच्या दृष्टीनें यांत एकहि चूक नाहीं. पण हें पत्रक कोणत्याहि शाळेचें आणि कोणत्याहि वर्षाचें असूं शकेल. झाडें किती लावलीं तें नाहीं, कोणतीं लावलीं तें नाहीं, तीं कोणीं लावलीं तेंहि नाहीं. वृक्षारोपणाच्या या पत्रकांत झाडच नाहीं! बिचाऱ्या मुलाचा यांत कांहीं दोष नव्हता. त्यानें आजूबाजूला छापून येणारें जें वाचलें, तेंच प्रामाणिकपणें उतरविलें. मोठ्यांनीं झिजविलेली ही वाक्यें मुलांच्या तोंडीं इतकीं बसलेलीं असतात, कीं तीं सोडविणें हेंच एक स्वतंत्र शिक्षण होऊन बसतें.

त्यासाठीं मी दोन नियम केले होते. पहिला विशेषणांचा. ‘भव्य’, ‘उत्स्फूर्त’, ‘अविस्मरणीय’ असा शब्द आला, कीं तो खोडून त्या जागीं आंकडा किंवा वस्तु लिहावयाची. ‘प्रचंड गर्दी’ असें वाटत असेल, तर किती माणसें आलीं तें मोजून लिहावें. गर्दी प्रचंड होती कीं नव्हती, हें वाचणारा आपलें आपण ठरवील. स्वतःच्या कामाला आपणच चांगलें म्हणावयाचें नसतें, हें आपल्या घरांतील वडीलधारी माणसें सांगतच आली आहेत. पत्रकाचा नियम त्याहून वेगळा नाहीं. दुसरा नियम ‘करण्यांत आलें’ या शब्दांचा. मराठींतील हा प्रयोग मोठा सोयीचा आहे, कारण त्यांत करणारा दिसत नाहीं. कार्यक्रम करण्यांत आला, निर्णय घेण्यांत आला, रक्कम खर्च करण्यांत आली; पण कोणीं? ‘करण्यांत आलें’ असें दिसेल तेथें ‘कोणीं केलें?’ असें विचारावयाचें, आणि उत्तर मिळाल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं.

या दोन नियमांची चाळण लावल्यावर त्याच मुलानें, वर्गाच्या मदतीनें, पुढील पत्रक तयार केलें: ‘शाळेमागील नाल्याच्या कांठीं सातवीच्या ४२ विद्यार्थ्यांनीं शनिवार, ८ जुलै २०१७ रोजीं १०० रोपें लावलीं. त्यांत कडुनिंब, करंज आणि बहावा या जातींचीं रोपें आहेत. नाल्याची मोकळी कड पावसांत ढासळते, म्हणून ही जागा निवडल्याचें विद्यार्थ्यांनीं सांगितलें. रोज चार विद्यार्थ्यांची तुकडी रोपांची देखरेख करील. “पावसाळ्यांत काळजी नाहीं, उन्हाळ्यांत पाणी कोठून आणावयाचें, हा प्रश्न आहे,” असें वर्गाचा प्रतिनिधि म्हणाला.’ पाहुण्यांचें नांव शेवटच्या ओळींत गेलें. पाहुणे मोठ्या मनाचे होते. त्यांनीं कांहीं मनावर घेतलें नाहीं.

वरील पत्रकांत एका मुलाचें बोलणें जसेंच्या तसें आलें आहे. पत्रकांत असें एखादें बोलणें असलें, म्हणजे त्याला जिवंतपणा येतो. परंतु येथेंच मोठी माणसें एक खोड करतात: वाक्य आपण रचतात आणि तें दुसऱ्याच्या तोंडीं घालतात. मुलांना याची चटक लागूं देऊं नये. ज्याचें बोलणें घ्यावयाचें, त्याच्याकडे जावें, प्रश्न विचारावा, उत्तर लिहून घ्यावें, आणि ‘मीं असें लिहिलें आहे, बरोबर आहे ना?’ असें विचारून तें त्याला वाचून दाखवावें. आणि नेहमीं मुख्याध्यापकांकडेच धांवूं नये. रोपांना किती बादल्या पाणी लागतें, हें आमच्या शाळेंत सर्वांत चांगलें ठाऊक होतें तें शिपाईमामांना. त्यांना त्यापूर्वीं कोणीं असें अदबीनें कांहीं विचारलें नव्हतें.

बाह्य स्वरूपाविषयीं फार सांगावयास नको. वर ‘प्रसिद्धीसाठीं’ असे शब्द आणि तारीख, मग लहानसा मथळा, मग दीडशेंच्या आसपास शब्दांचा मजकूर, आणि खालीं अधिक माहितीसाठीं कोणाला विचारावें त्याचें नांव. हें नांव शिक्षकाचें किंवा शाळेच्या कार्यालयाचें असावें, मुलाचें कधींहि नसावें. मुलाचें पूर्ण नांव, घरचा पत्ता किंवा छायाचित्र आईवडिलांच्या संमतीवांचून बाहेर जाऊं नये. पुढें व्हावयाच्या कार्यक्रमाचें पत्रक आठवडाभर आधीं पोंचावें, आणि होऊन गेलेल्याचें त्याच दिवशीं. शिळ्या बातमीला संपादक काय, शेजारीहि विचारीत नाहीं.

सर्वांत अधिक वेळ मी देत असें तो पडताळणीला. पत्रक पुरें झालें, कीं तें दुसऱ्या जोडीकडे जाई. त्या जोडीनें प्रत्येक आंकडा, प्रत्येक नांव आणि प्रत्येक तारीख यांखालीं तांबडी रेघ मारावयाची, आणि समासांत चार शब्दांपैकीं एक शब्द लिहावयाचा: पाहिलें, मोजलें, वाचलें किंवा ऐकलें. ही माहिती लिहिणाऱ्याला कशी कळली, एवढेंच त्यांत नोंदवावयाचें. ज्या रेघेपुढें ‘पाहिलें’ किंवा ‘मोजलें’ असेल, ती ओळ राहिली. ‘वाचलें’ असेल, तर कोठें तें दाखवावयाचें. आणि नुसतें ‘ऐकलें’ असेल, तर तें पाहिल्यावांचून किंवा दुसऱ्याकडून खात्री करून घेतल्यावांचून पत्रकांत जावयाचें नाहीं. आयव्ही ली याच्या त्या दुसऱ्या पत्रकाच्या समासांत हे शब्द लिहिले असते, तर बहुतेक ठिकाणीं ‘ऐकलें’ असेंच लिहावें लागलें असतें. हें मुलें स्वतःच बोलून दाखवीत.

येथें कोणी म्हणेल, कीं जाहिरातबाजीचा आधींच सुकाळ झालेला असतांना मुलांच्या हातीं हें आणखी एक साधन कशाला द्यावें? स्वतःच्या कामाचा डांगोरा पिटावयास शाळेनें कां शिकवावें? शंका रास्त आहे. आणि दुसरी शंका अशी, कीं बारा वर्षांच्या मुलांना हें सारें झेपणार कसें? दुसरीचें उत्तर आधीं देतों. पोलंडमधील शिक्षक आणि डॉक्टर यानुश कोर्चाक यांनीं १९२६ सालीं वॉर्सा शहरांत मुलांनीं लिहिलेलें एक साप्ताहिक सुरू केलें. एका दैनिकाची पुरवणी म्हणून तें दर शुक्रवारीं निघे. गांवोगांवचीं मुलें त्याचीं बातमीदार होतीं, आणि १९३९ सालीं महायुद्ध सुरू होईपर्यंत तें चाललें. आपल्याकडे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्यें शिक्षक असतांना वसतिगृहांतील मुलांसाठीं ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांचें जग लहान असतें, पण त्यांत बातम्या कमी नसतात.

पहिल्या शंकेचें उत्तर मात्र युक्तिवादानें देण्यापेक्षां घडलेल्या एका प्रसंगानें देतों.

नाल्याकांठच्या रोपांचें तें पत्रक एका स्थानिक वर्तमानपत्रांत छापून आलें. कात्रण वर्गांत लागलें, घरोघरीं दाखविलें गेलें. मग पावसाळा गेला, हिंवाळा गेला, उन्हाळ्याची सुटी आली आणि संपली. जून महिन्यांत शाळा उघडली, मुलें आठवींत आलीं, आणि पहिल्याच आठवड्यांत वर्गाच्या नांवें एक पोस्टकार्ड आलें. नाल्यापलीकडे राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं तें लिहिलें होतें. ‘तुम्हीं १०० रोपें लावल्याचें गेल्या वर्षीं वाचलें. त्यांपैकीं आज किती आहेत?’ एवढाच मजकूर. टीका नाहीं, उपदेश नाहीं.

मुलांनीं मोजणी केली. दोघी मुली एका टोकापासून मोजीत आल्या, दोघे मुलगे दुसऱ्या टोकापासून. दोन्ही आंकडे जुळले. ३७. बाकीचीं रोपें एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावांचून वाळलीं होतीं, कांहीं गुरांनीं खाल्लीं होतीं. उन्हाळ्याच्या पाण्याचा प्रश्न आमच्या पत्रकांतच लिहिलेला होता. तो छापूनहि आला होता. पण सुटींत पाणी कोणीं घालावयाचें, याची व्यवस्था मात्र मीं लावली नव्हती. ती चूक मुलांची नव्हती, माझी होती.

वर्गांत दोन तट पडले. पोस्टकार्डाला उत्तर द्यावें, पण वर्तमानपत्राला कशाला कळवावें, असें कांहींचें म्हणणें. एका चतुर मुलानें तोड सुचविली: ‘“लावलेल्या रोपांपैकीं अनेक रोपें जोमानें वाढत आहेत” असें लिहूं या. तें खोटें नाहीं.’ मी क्षणभर थक्क झालों. वाक्य खरोखरच खोटें नव्हतें. वाचणाऱ्याला फसविण्यास मात्र तें पुरेसें होतें. आणि ही विद्या त्याला शाळेनें शिकविली नव्हती, ती त्यानें हवेंतूनच उचलली होती. मुख्याध्यापकहि साशंक होते. शाळेच्या नांवाला बट्टा लागेल, असें त्यांना वाटे. खरें सांगावयाचें तर, मीहि मनांतून त्यांच्याच बाजूला झुकलों होतों. आपली चूक छापून यावी असें कोणाला वाटतें? तेव्हां एका मुलीनें आपली गेल्या वर्षींची वही उघडली आणि समासावर बोट ठेवून विचारलें, ‘सर, ३७ आम्हीं मोजलें आहे. “अनेक” कोणीं मोजलें?’

यापुढें वादाला जागा राहिली नाहीं. दुसरें पत्रक असें गेलें: ‘गेल्या वर्षीं ८ जुलै रोजीं शाळेमागील नाल्याच्या कांठीं लावलेल्या १०० रोपांपैकीं ३७ रोपें जगलीं आहेत. ६३ रोपें उन्हाळ्याच्या सुटींत पाणी न मिळाल्यानें व गुरांनीं खाल्ल्यानें गेलीं. सुटींतील पाण्याची व्यवस्था शाळेनें केली नव्हती. यंदा विद्यार्थी नवीन रोपें लावणार नाहींत. आहेत तीं जगविणार आहेत. एप्रिल व मे महिन्यांत आठवड्यांतून एक दिवस पाणी घालण्यास तयार असलेल्या शेजाऱ्यांनीं शाळेच्या कार्यालयांत नांव नोंदवावें.’ मुख्याध्यापकांनीं तें दोनदां वाचलें, तिसऱ्या वाक्यापाशीं थोडे थांबले, आणि सही केली.

वर्तमानपत्रानें त्यांतील चारच वाक्यें छापलीं, आंतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यांत. कात्री नियमाप्रमाणें खालून चालली होती. आंकडे राहिले, चूक राहिली. शेजाऱ्यांना केलेलें आवाहन तेवढें उडालें! मुलें हिरमुसलीं. वर्षभर दुमडण्याचा खेळ खेळूनहि सर्वांत निकडीची ओळ आम्हीं तळाशीं ठेवली होती. पण दोन दिवसांनीं ते पोस्टकार्ड लिहिणारे गृहस्थ स्वतःच शाळेंत आले. ‘माझ्या घरासमोरचीं पांच झाडें यापुढें माझ्याकडे,’ असें त्यांनीं सांगितलें. आवाहन त्यांना वाचावयास मिळालेंच नव्हतें. त्यांनीं फक्त खरा आंकडा वाचला होता.

म्हणून मी म्हणतों, कीं प्रसिद्धिपत्रकाचा धडा म्हणजे डांगोरा पिटण्याचा धडा नव्हे. निबंधांतील वाक्याला गुण मिळाले, कीं त्याचें आयुष्य संपतें. छापून आलेलें वाक्य मागें येतें आणि ‘पुढें काय झालें?’ असें विचारतें. आपण चारचौघांत जें सांगितलें, त्याचा जाब आपणांस कधीं तरी द्यावा लागणार आहे, ही जाणीव बाराव्या-तेराव्या वर्षीं झालेली बरी. ती त्या वयांत झाली नाहीं, तर पुढें होणें फार कठिण जातें.

घरीं पालकांना यांतील पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. सकाळचें वर्तमानपत्र मुलापुढें ठेवून, यांतील कोणता मजकूर बातमीदारानें लिहिला असावा आणि कोणता संबंधितांनींच लिहून दिला असावा, तें ओळखावयास सांगावें. ज्यांत एकाच बाजूचें बोलणें आहे, विशेषणें पुष्कळ आहेत आणि अडचणीचा एकहि प्रश्न नाहीं, तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर पाणी बंद राहण्याची सूचना लावावयाची असेल, तर ती मुलाला लिहावयास द्यावी. सहा प्रश्नांची उत्तरें तींत आलीं कीं नाहीं, तें शेजारीच सांगतील. आणि मोबाइलवर कोणी तरी पुढें धाडलेला एखादा संदेश घरांत मोठ्यानें वाचला जाईल, तेव्हां त्याच्या समासांत चारांपैकीं कोणता शब्द बसेल, तें मुलाला ठरवूं द्यावें.

महाराष्ट्रांत वर्तमानपत्र आणि शाळा यांचें नातें जुनें आहे. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक झाले. १८८१ सालीं निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिकवीत होते. वर्गांत मुलांसमोर उभें राहून बोलणाऱ्या या माणसांनीं तीच जबाबदारी छापील शब्दालाहि लावली. आपण आपल्या मुलांपुढें संपादक होण्याचें ध्येय ठेवावें, असें माझें म्हणणें नाहीं. मागणें अगदीं लहान आहे. उद्यां घरांतील मुलानें बाहेरून येऊन कांहीं बातमी सांगितली, तर तिच्यावर बोलण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारावें: हें तूं पाहिलेंस, मोजलेंस, वाचलेंस, कीं ऐकलेंस? आणि परवां त्यानें हाच प्रश्न उलट आपणांस विचारला, तर रागावूं नये.